सयामला पाठवलेला माणूस

इंदोरा, नागपूर
२३ ऑक्टोबर १९६९

पूज्य भन्ते सुमेध यांच्या चरणी
चंपत मास्तरचे त्रिवार वंदामि.

हाताची सवय काही सुटत नाही, भन्ते. पाकिटावर आधी 'चि. देवाजी' असंच लिहून बसलो आणि मग पाकीट बदललं. मामानं सख्ख्या भाच्याच्या पाया पडायचं, हे सुरुवातीला मला जड गेलं होतं. आता त्यातच सुख वाटतं. आमच्या बापजाद्यांनी जन्मभर वाकण्याशिवाय काही केलं नाही, पण घरच्याच पोरापुढं मान वर ठेवून वाकायला मिळालं ते आम्हालाच.

परवा दसऱ्याला दीक्षाभूमीवर जाऊन आलो. तुमची आई, म्हणजे आमची प्रयाग, सोबत होती. यंदाही परदेशी भन्ते बोलले आणि दुभाष्यानं सांगितलं. दुभाषा भला माणूस, पण त्याचं मराठी म्हणजे तहसिलीतली नोटीस. बाजूला बसलेला गिरणीतला रामाजी मला म्हणाला, "मास्तर, आपल्या बोलीत सांगणारा आपला भन्ते कधी येईन गा?" मी म्हटलं, शिकून राहिला आहे, थोडी कळ काढ. वस्तीतलं लग्न असो की मयत, त्रिसरण मीच म्हणतो, आणि माझा आवाज आता म्हाताऱ्या पेटीसारखा झाला आहे. सगळे तुमची वाट पाहत आहेत.

बातमी अशी. मैत्री मंडळाचे डॉ. उमाळकर अकरा जणांचं शिष्टमंडळ घेऊन पुढल्या महिन्यात तुमच्याकडे येत आहेत. दिल्लीचा आशीर्वाद आहे म्हणे. तुमच्या शिक्षणाची सोय मंडळानंच केली, तेव्हा त्यांचा मान ठेवा. तिथले उपासक पंचधातूच्या बुद्धमूर्ती भेट देणार आहेत आणि त्यांतली एक आपल्या विहाराला मिळेल, असं डॉक्टरांनी शब्द देऊन सांगितलं. आपला चबुतरा बांधून तयार आहे. कुहीहून गवंडी आणला होता. पोरी रोज तो पुसतात, वर काही नसताना.

तुम्हाला आठवतं का, मी वर्गात सयामचा नकाशा कसा काढायचो? हत्तीचं डोकं काढा आणि सोंड खाली समुद्रात सोडा. तुम्ही तेव्हा पहिल्या बाकावर बसत होता आणि तुमच्या हत्तीला मी डोळा काढू दिला नव्हता. आणि त्या दूताच्या कविता. कधी हंस निरोप घेऊन जातो, कधी वारा, कधी पोपट. त्या मी डोळे मिटून म्हणायचो आणि मागची पोरं हसायची. डोंगर, नद्या, परकी नगरं ओलांडून एक जीव दुसऱ्याचा शब्द चोचीत धरून चालला आहे. याहून सुंदर काही माणसाला सुचलं असेल, असं मला वाटत नाही.

सम्राट अशोकानं आपली लेकरं परदेशी धाडली, ती धम्म द्यायला. आम्ही तुम्हाला धाडलं ते आणायला. फरक एवढाच, की त्याच्याजवळ राज्य होतं आणि आमच्याजवळ प्रयागनं बांधून दिलेली शिदोरी.

शिष्टमंडळाच्या सभेत जमलं तर नागपूरविषयी दोन शब्द बोला. जास्त नको. दोनच, पण आपले.

आपला उपासक
चंपतराव

*

बँकॉक
१ डिसेंबर १९६९

ती. मामांस,
सविनय जय भीम.

हे पत्र मंडळाच्या टपालथैलीतून जात आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

शिष्टमंडळ आलं, सभा झाल्या, परवा सगळे परत गेले. सभा चालू असतानाच, दुसऱ्या दिवशी पहाटे, मी आचार्यांच्या परवानगीनं चीवर परत केलं. आता मी भिक्खू नाही. इथं ती रीत आहे. विहाराच्याच मागच्या खोलीत राहतो. इथं अजून उकाडाच आहे. तब्येत ठीक आहे.

मूर्तीबद्दल मला काही माहीत नाही.

आईला तुम्ही स्वतः सांगा, दुसऱ्याकडून कळू देऊ नका. बाकी पुढं सविस्तर लिहीन. तोवर घाईनं काही ठरवू नका, एवढी विनंती.

आपला
देवाजी

*

इंदोरा, नागपूर
२० डिसेंबर १९६९

देवाजी,

चार वर्षं तू मला 'उपासक चंपतराव' असं लिहीत होतास. या वेळी 'ती. मामा' वाचलं आणि पुढचं वाचायच्या आधीच दार लावून घेतलं.

चीवर परत केलं आणि तब्येत ठीक आहे. मध्ये काय, तर उकाडा. वर्गात एखाद्या पोरानं असा निबंध लिहिला असता तर मी वही खिडकीबाहेर फेकली असती. 'इथं ती रीत आहे.' तिथं असेल. इथं काय रीत आहे ते तू विसरलास का? इथं माणूस चीवर अंगावर घेतो तेव्हा सगळी वस्ती ते अंगावर घेते. तू श्रामणेर झालास, पहिल्यांदा चीवर घेतलंस, त्या दिवशी रामाजीनं गिरणीतली पाळी बुडवली होती. जयवंताबाईनं आपल्या पोराचं नाव सुमेध ठेवलं. आता ती माझ्या दारात येऊन विचारते, "मास्तर, पोराचं नाव बदलू का?" काय सांगू तिला? उकाडा आहे म्हणून सांगू?

डॉ. उमाळकर स्वतः आले होते. गल्ली अरुंद म्हणून मोटार कोपऱ्यावर ठेवून पायी आले. विहारात खुर्चीवर बसले, आपल्या कपातला चहा पूर्ण प्यायले. एवढा मोठा माणूस, पण बोलताना त्याला दुःख होत होतं. म्हणाले, "मास्तर, तुमच्या भाच्यानं चीवर उतरवलं, तोकडी विजार घातली आणि परक्या लोकांच्या भरसभेत आपल्या देशाची अब्रू काढली." मी फरशीकडे पाहत बसलो. छत्तीस सालापासून मी शाळेत होतो. इन्स्पेक्टरपुढं माझ्या वर्गानं मला कधी खाली पाहायला लावलं नाही. ते तू करून दाखवलंस.

डॉक्टर म्हणाले, मूर्तीचा शब्द मी मोडणार नाही. पण तिकडची माणसं विचारून राहिली आहेत, की हा माणूस नेमका कोणाचा. तुमच्या समितीनं स्पष्ट लिहून दिलं तर बरं. रामाजी मध्येच म्हणाला, "मास्तर, पोरानं सविस्तर लिहितो म्हटलं आहे, ते पत्र तर येऊ द्या." मी त्याला गप्प केलं. समितीचा अध्यक्ष मी आहे. मी लिहून दिलं, की देवाजीचा आणि आमचा यापुढं काही संबंध नाही आणि त्याचं बोलणं ते आमचं बोलणं नव्हे. विहारातला तुझा फोटो माझ्याच हातानं उतरवला. मागं भिंतीला चौकोन उमटला आहे, तो पुसला तरी जात नाही.

आणि तुझी आई. तू सांगितलंस म्हणून तिला मीच सांगितलं. ती तांदूळ निवडत बसली होती. मला वाटलं, सूप फेकेल, रडेल. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि मग हसली. हो, हसली. म्हणाली, "दादा, बरं झालं वं मा. भन्ते झाला तवापासून पोराच्या अंगाले हात नाही लावला मी. आता त्याले जवळ घेता येईन." मी तिच्यावर ओरडलो. म्हटलं, वस्तीचं नाक कापलं गेलं आणि तुला पोराला कुरवाळायचं सुचून राहिलं? ती म्हणाली, "वस्तीचं नाक तुह्याजवळ आहे, माह्याजवळ पोरगा आहे." तेव्हापासून आमचं बोलणं बंद आहे. जेवायला वाढते, पण ताट सरकवून देते.

तुला परत ये म्हणायचा हक्क आता आम्हाला राहिला नाही. राहा तिथं. नाहीतर जा कुठंही.

चंपतराव

*

बँकॉक
१२ जानेवारी १९७०

मामा,

हे पत्र बोधगयेला निघालेल्या एका ब्रह्मदेशी भिक्खूंजवळ देत आहे. ते तिथून पेटीत टाकतील. मागचं पत्र कोरडं का होतं, ते आता तरी कळेल. मंडळाच्या थैलीत पडणारं प्रत्येक पत्र इथला चिटणीस उघडून वाचतो. मी 'घाईनं काही ठरवू नका' असं लिहिलं, ते त्यानं वाचलं आणि डॉ. उमाळकर लगेच तुमच्या दारात आले. तुम्हाला वाटलं, चहा प्यायला आले.

तुम्ही रागावून लिहिलं. आता मी रागावून लिहितो. लहानपणी रागावायला कधी मिळालं नाही, म्हणून आज लिहितो.

आधी रीत सांगतो. या देशात घरोघरचा मुलगा चीवर घेतो. कोणी पावसाळ्यातल्या एका वर्षावासापुरतं, कोणी दहा वर्षं. मग आचार्यांपुढं हात जोडून सांगतो, मला आता गृहस्थ समजा, आणि चीवर परत देतो. समोरचा किराणावाला भिक्खू होता. चौकातला पोलीसही होता. त्यांच्या घरच्यांना त्याचा अभिमान आहे, लाज नाही. पुन्हा घ्यावंसं वाटलं तर पुन्हा मिळतं. तुमच्या डोळ्यापुढं चीवर सोडणं म्हणजे आकाशातून पडणं. इथं ते पाहुण्याच्या घरून नमस्कार करून निघण्यासारखं आहे. हे तुम्हाला ठाऊक नव्हतं, त्याला तुम्ही काय कराल. पण विचारायला काय हरकत होती?

आता सभा. पहिल्या दिवशी मला शिष्टमंडळाच्या पहिल्या रांगेत बसवलं. बोलायचं नाही असं आधीच सांगितलं होतं. डॉक्टर छान बोलले. बुद्ध आमच्याच देवाचा अवतार, आमच्या देशानं त्याला कधी दूर केलं नाही, सगळा एकच परिवार. लोक माना हलवत होते. मग एक वृद्ध न्यायाधीश उठले. त्यांनी विचारलं, नागपूरला लाखो लोकांनी एका दिवसात धम्म स्वीकारला असं आम्ही ऐकतो, त्यांच्याबद्दल सांगा.

डॉक्टर हसले. म्हणाले, गरीब, अडाणी लोक आहेत. कुणाच्या तरी राजकारणाच्या भरात गेले. त्यांना धम्म काय ठाऊक? आम्ही त्यांना हळूहळू घरात परत आणून राहिलो आहोत. हा पाहा, त्यांच्यातलाच एक, आमच्या मंडळानं माणसात आणला. आणि माझ्याकडे बोट केलं.

सभेनं माझ्याकडे पाहिलं आणि सगळ्यांनी हात जोडले. मामा, त्यांनी चीवराला हात जोडले. आणि मी त्या चीवरात दगडासारखा बसून राहिलो.

मी आचार्यांकडे गेलो. आमच्या मठात ते फार कमी बोलतात. मी म्हटलं, मला उत्तर द्यायचं आहे. ते म्हणाले, "अपमान चीवराचा झाला का?" मी म्हटलं, नाही, माझ्या आईचा झाला. ते म्हणाले, "मग उत्तर तिच्या मुलानं द्यावं. राग तुझा आहे. तो चीवर घालून नेऊ नकोस." पहाटे मी चीवर त्यांच्या हाती दिलं. त्यांनी मला पंचशील दिलं आणि म्हणाले, जा. विजार मठाच्या शाळेच्या पहारेकऱ्याची होती. तो बुटका आहे, म्हणून तोकडी. डॉक्टरांनी तेवढं मात्र खरं सांगितलं.

सभेच्या दारात मला कोणी ओळखलं नाही. शेवटच्या बाकावर जागा मिळाली. आदल्या दिवशी हात जोडणाऱ्या बाया माझ्या पायावरून पिशव्या ओढत गेल्या. मला फार बरं वाटलं. मग मी उभा राहिलो आणि त्यांच्याच भाषेत बोललो.

मी सांगितलं, की मी तेव्हा पंधरा वर्षांचा होतो. आम्ही कुहीहून चालत नागपूरला आलो. आईच्या डोक्यावर बोचकं होतं आणि तिनं पांढरं लुगडं वाटेत मळू नये म्हणून घडी करून त्यात ठेवलं होतं, मैदानाजवळ आल्यावर नेसली. माझा बाप आयुष्यभर दुसऱ्याच्या विहिरीच्या काठावर, कोणीतरी वरून पाणी ओतेल म्हणून थांबला. त्याला राजकारण हा शब्द म्हणता येत नव्हता. पण थांबायचं नाही एवढं कळलं आणि तो चालू लागला. आम्हाला कोणी नेलं नाही. आम्ही आमच्या पायानं गेलो. परत न्यायला निघालेल्यांनी आधी सांगावं, की तेव्हा घराचं दार आतून कोणी लावलं होतं.

एवढंच बोललो. देशाची अब्रू काढली ती ही.

न्यायाधीशांनी फक्त एक विचारलं, "तुला कोणी पाठवलं?" मी म्हटलं, नागपूरनं.

गेल्या आठवड्यात चिटणीसानं त्यांच्यापुढं तुमचं पत्र ठेवलं. भाषांतर करून. 'त्याचं बोलणं ते आमचं बोलणं नव्हे.' खाली तुमची सही. ती वळणदार सही, जिच्यासारखी करता यावी म्हणून मी पाटीवर गिरवायचो. न्यायाधीश चष्मा काढून पुसत बसले.

माझा इथं राहण्याचा परवाना मंडळाच्या शिफारशीवर होता. ती त्यांनी काढून घेतली. फेब्रुवारीअखेर मला निघावं लागेल. आचार्य मला मठाच्या शाळेत शिकवायला ठेवायला तयार आहेत, न्यायाधीश जामीन राहायला तयार आहेत. पण दोघंही एकच म्हणतात, ज्यांनी पाठवलं त्यांचा शब्द पाहिजे. तो तुम्ही डॉक्टरांना देऊन बसला आहात. मला परत यायची भीती नाही. पण मी असा परत आलो तर या देशात नागपूरबद्दल शेवटचा शब्द डॉ. उमाळकरांचा राहील, आणि खाली तुमची सही.

तुम्ही चार वर्षं चीवराच्या पाया पडत होता, मला ठाऊक होतं. पण आत मी होतो, मामा. हे तुम्हाला एकदाही आठवलं नाही?

आईला सांगा, मी जेवतो.

देवाजी

*

इंदोरा, नागपूर
९ फेब्रुवारी १९७०

चि. देवाजीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र उशिरा मिळालं. मी ते आधी मनात वाचलं, मग प्रयागला मोठ्यानं वाचून दाखवलं. पांढऱ्या लुगड्याच्या जागी मी कागद खाली ठेवला, तर ती म्हणाली, "वाच ना, थांबतो काहून?" पूर्ण झाल्यावर ती उठली आणि माझं धोतर, कोट काढून माझ्यापुढं ठेवला. म्हणाली, "चाल. लिहून देल्लं ते तूच मांगून आन."

तुझी क्षमा मागायला मी हे लिहीत नाही. तो वेळ नाही आणि तुला तिचा उपयोगही नाही. काय झालं ते सांगतो.

परवा धरमपेठेत उमाळकरांचं व्याख्यान होतं, 'सयाममधील आमचे सांस्कृतिक कार्य'. पडद्यावर चित्रं दाखवणार होते. मी, प्रयाग आणि रामाजी रिक्षानं गेलो. सभागृह भरलं होतं. रेशमी छत्र्या, सोन्याचे कळस, नदीतले बाजार. खोटं कशाला सांगू, मी थोडा वेळ सगळं विसरलो. जन्मभर फळ्यावर काढलेला देश समोर रंगीत दिसत होता. मग पडद्यावर तू आलास. चीवरात, पहिल्या रांगेत, मान खाली. उमाळकर म्हणाले, "हे आमच्या मंडळानं लावलेलं रोपटं. दुर्दैवानं पुढं ते वाकडं वाढलं आणि त्याच्या लोकांनीच ते उपटून टाकलं." लोक हळहळले.

मी उभा राहिलो. मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, उपटणारा मीच. ते पत्र परत घ्यायला आलो आहे."

ते म्हणाले, मास्तर, हे स्थळ नव्हे. मी म्हटलं, तुम्ही ते परदेशात न्यायाधीशांपुढं ठेवलं, मग धरमपेठेत मागायला काय हरकत आहे. तेव्हा ते खाली आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "मूर्ती कलकत्त्याला येऊन पडली आहे. तुमच्या विहाराचा विचार करा. एका पोरासाठी सगळ्या वस्तीला बुद्धाविना ठेवाल का?"

तो हात खांद्यावर होता आणि मला आठवलं, की मी त्याच हातात पत्र दिलं होतं. मला इतका संताप आला, की पन्नास वर्षांत आला नव्हता. मी तो हात काढून खाली ठेवला. मी म्हटलं, "आम्ही बुद्धाविना दोन हजार वर्षं काढली. तुमच्यासारख्यांच्या हातून घेण्यापेक्षा अजून थोडी काढू. चबुतरा रिकामा राहील." मागून कोणीतरी 'बसा, बसा' म्हणून ओरडलं. रामाजी त्याच्याकडे वळला आणि मग तोच बसला.

आणि प्रयाग. तिला कोणी बोल म्हटलं नव्हतं. जन्मात कधी अशा खुर्च्यांच्या दालनात आली नव्हती. पडद्यावर तू होतास, तिकडे तिनं एकदा पाहिलं. मग उमाळकरांना विचारलं, "काहून गा साहेब, माह्या पोराले बोलता येते म्हणून नेलं होतं का मुका आहे म्हणून?"

तिच्या आवाजात राग नव्हता. खरंच विचारून राहिली होती. उमाळकरांनी पुढचं चित्र लावायला सांगितलं. पुढचं चित्र हत्तीचं होतं. पण ते कोणी पाहिलं नाही, कारण अर्धे लोक प्रयागकडे पाहत होते.

पत्र काही मिळालं नाही. ते आता मंडळाचं झालं म्हणतात. म्हणून दुसरं लिहिलं. समिती बसली. काही जण चिडले. धोंडबा म्हणाला, "मास्तर, इतके दिवस मूर्तीचं सपन दाखवलं, आता म्हणता नाही? अन् हे समितीच्या नावानं ठरवणारे तुम्ही एकटे कोण?" त्याचं बरोबर आहे. मागच्या वेळी मी कोणाला विचारलं नव्हतं, म्हणून या वेळी सगळ्यांना विचारलं, बायांनासुद्धा. भांडणं झाली. जयवंता उठून म्हणाली, पोराचं नाव सुमेधच राहील. शेवटी ठरलं. धोंडबानं सही केली, पण माझ्याशी बोलत नाही. बोलेल. न बोलला तरी चालेल.

सोबत तुझ्या आचार्यांना आणि न्यायाधीशांना पत्र आहे. इंग्रजी माझं शाळेतलं आहे, त्यांना सांभाळून घ्यायला सांग. त्यात लिहिलं आहे, की देवाजी आम्ही पाठवलेला माणूस आहे. चीवर असलं तरी आमचा, नसलं तरी आमचा. भरसभेत तो बोलला ते आम्हीच बोललो. मागच्या पत्रावरची सही माझी आहे आणि ती मी मागे घेतो, तिची लाज माझी, वस्तीची नव्हे.

एक गोष्ट मात्र तुला सांगायची आहे. त्या दूताच्या कविता मी इतकी वर्षं शिकवल्या, पोरांना त्याचे डोंगर पाठ करायला लावले, नद्या पाठ करायला लावल्या. हंसाला स्वतःचं काही म्हणायचं असेल, हे कवीलाही सुचलं नाही आणि मलाही नाही. राजाचा निरोप राणीला पोचला, संपलं. हंस गेला कुठं, त्याचं पुढं काय झालं, एकाही पोरानं विचारलं नाही. विचारलं असतं तर मी त्याला बाकावर उभं केलं असतं. दिल्लीचे लोक आणि मी, आम्ही एकाच पुस्तकातले निघालो. याची मला चीड येते. उमाळकरांवरच्या चिडीपेक्षा जास्त येते.

मला वाटत होतं, शिष्टमंडळं जातात ती निरोप घेऊन. आता वाटतं, बरीचशी जातात ती कोणाला तरी बोलू न देण्यासाठी. आपण कोणाला पाठवायचं तर बोलण्यासाठीच पाठवावं. आणि तो तिथं जे बोलेल, ते इथं आपल्याला झेपलं पाहिजे.

तुला परत बोलवायची माझी फार इच्छा आहे. मयतीला त्रिसरण म्हणताना मला धाप लागते, आणि मीही किती दिवसांचा. तुझ्या आईची इच्छा तर तुला ठाऊकच आहे. हे सगळं असूनही आम्ही दोघांनी ठरवलं आहे, की तू येऊ नकोस. शाळेत शिकव. कोणी विचारलं तर सांग, न विचारलं तरी सांग. चीवर पुन्हा घ्यावंसं वाटलं तर घे, नाही वाटलं तर नको घेऊस, त्यात आता माझा शब्द नाही. प्रयाग म्हणते, पोरगा आला की जवळ घेईन, तोवर त्याचं काम होऊ दे. हे म्हणताना ती माझ्याकडे पाहत नाही, पण ताट आता हातात देते.

पुढची पत्रं थैलीतून पाठवू नकोस. तिकिटाला पैसे नसतील तर लिहू नकोस, पण त्यांच्या हातात देऊ नकोस.

आणि पुन्हा कोणी विचारलं, कोणी पाठवलं, तर नुसतं नागपूर म्हणू नकोस. नागपुरात उमाळकरही राहतात. प्रयागबाईनं पाठवलं म्हणून सांग. पत्ता इंदोऱ्याचा दे.

तुझा
मामा